आम्ही पादचारी

समाजसेवेची हौस मला लहानपणापासून कधीच नव्हती. शाळेत श्रमदानाचा तास असे, तेव्हा कोणी किती घमेली माती टाकली याची नोंद ठेवण्याचे जबाबदारीचे काम मी स्वतःकडे घेत असे. पुढे बत्तीस वर्षे विम्याच्या कचेरीत काढली. तिथे मोर्चे झाले, निदर्शने झाली, घोषणा झाल्या. त्यांपैकी 'पेन-डाऊन' हे एकच आंदोलन मी मनापासून केले. निवृत्तीनंतर हा गृहस्थ हातात मोजपट्टी घेऊन भर चौकात उभा राहील, असे भविष्य एखाद्या ज्योतिषाने सांगितले असते, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागून घेतली असती.

झाले ते असे. शेजारच्या इमारतीत एक मुलगी राहते. संगणकाच्या कंपनीत मोठ्या पगारावर आहे आणि तरीही सायकलने कामावर जाते. (या 'तरीही'वरून तिचे आणि तिच्या आईचे रोज सकाळी वाजते. ते आम्हाला आमच्या गॅलरीत ऐकू येते.) एका रविवारी ती दारात उभी राहिली. डोक्यावर हेल्मेट तसेच, हातात वही.

"काका, आपल्या भागातले रस्ते चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी जरा सुरक्षित व्हावेत म्हणून आम्ही एक गट केलाय. स्वयंसेवक हवेत."

"अगं, पण माझे गुडघे..."

"चालेल काका. गुडघेदुखीवाले हवेतच आहेत आम्हाला."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"तुम्हाला मराठीत अर्ज लिहिता येतो ना? आमच्यात कुणालाच येत नाही. आम्ही 'डिअर सर'च्या पुढे सरकतच नाही."

आतून सौ.चा आवाज आला, "नाव लिहून घे गं त्यांचं. सकाळी दहा ते बारा नुसते पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसलेले असतात."

अशा रीतीने मी सार्वजनिक जीवनात आलो. पुष्कळ थोर माणसे तुरुंगामार्गे येतात. मी ऱ्हस्व-दीर्घामार्गे आलो.

पहिल्या सभेला आम्ही सात जण होतो. त्यात भूगोलाचे एक निवृत्त सर होते, ज्यांना कुठल्याही गोष्टीचा नकाशा काढल्याशिवाय ती खरी वाटत नाही. एक फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. त्यांचा निम्मा धंदा आमच्या भागातल्या पदपथांवर चालतो, आणि त्या पदपथ सुधारायला निघाल्या होत्या. एवढा निःस्वार्थीपणा मी विमा एजंटांत पाहिला नव्हता. एक सायकलपटू होते. त्यांच्या सायकलीची किंमत ऐकून मी पाण्याचा पेला खाली ठेवला. दर रविवारी पहाटे ते अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून सिंहगडावर जातात; मात्र सायकल मोटारीच्या टपावर बांधून पायथ्यापर्यंत नेतात, कारण, त्यांच्याच शब्दांत, "शहरातून सायकल चालवायला आपण काय वेडे आहोत?" या एका वाक्यात आमच्या गटाचे सगळे ध्येयधोरण आले होते, पण ते कुणी लिहून घेतले नाही.

भूगोलाच्या सरांनी सुरुवातीलाच एक कागद वाचून दाखवला. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली आणि त्यांतली जवळजवळ ३३ हजार पायी चालणारी होती. "म्हणजे रोजची नव्वद," सर म्हणाले. चिवड्याची बशी फिरत होती ती थांबली. मग सरांनी नेदरलँड्सचा नकाशा काढला. आज सायकलींचा देश म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्या देशात १९७१ साली तीन हजारांहून जास्त माणसे रस्त्यावर मेली होती, त्यात चारशेहून जास्त मुले होती. तेव्हा तिथले आईबाप रस्त्यावर उतरले, सायकली आडव्या घातल्या, मुलांचा खून थांबवा असे सरळ म्हणाले. तिथले रस्ते आभाळातून पडलेले नाहीत. कुणीतरी कधीतरी पहिला अर्ज लिहिलाच असणार, आणि तो तिकडेही कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलाच असणार. या विचाराने मला एकदम बरे वाटले.

खरे तर आम्हा पुणेकरांना हे शिकवायला डच माणसांची गरज पडावी, हीच नवलाची गोष्ट. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. माझ्या वडिलांच्या सायकलीला पालिकेचा बिल्ला होता आणि पुढे कंदील होता. दिवेलागणीनंतर कंदिलाशिवाय सापडलात तर पोलीस अडवायचा. डबलसीट दिसलात तर चाकातली हवा सोडायचा. आज तीन जण बसलेली मोटारसायकल पदपथावरून उलट दिशेने येते तेव्हा मला त्या पोलिसाची फार आठवण येते. आमच्या कॉलेजात सायकली उभ्या करायला जागा मिळत नसे आणि एक सायकल कलली की शेवटच्या सायकलीपर्यंत सगळी रांग कशी शिस्तीत झोपत जाई! मग स्कूटर आली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि ती आली की तिला हार घालून पेढे वाटायचे. सायकल जिन्याखाली गेली. मधल्या काळात पुण्याने सायकलींना विसरायचे नाही असे अनेकदा ठरवले. २०१६ साली पादचारी धोरण झाले, २०१७ साली सायकलींचा भलामोठा आराखडा मंजूर झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोबाईलने कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकलीही रस्त्यावर आल्या. आराखडा अजून आहे. सायकली काही वर्षांत दिसेनाशा झाल्या.

आणि हो, पादचारी दिन! ११ डिसेंबर. २०२१ साली या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद केल्या आणि माणसांनी रस्त्याच्या मधोमध चालून पाहिले. मी तो सोहळा पाहून आलो आणि मला बैलपोळ्याची आठवण झाली. बैलाची एक दिवस शिंगे रंगवतात, पाठीवर झूल घालतात, पुरणपोळी खाऊ घालतात. दुसऱ्या दिवसाचे बैलालाही माहीत असते.

पण मी या कामात खरा अडकलो तो आमच्या इमारतीतल्या काकूंमुळे.

काकू तळमजल्यावर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची शाळेपासूनची मैत्रीण रस्त्याच्या बरोबर पलीकडे, जुन्या बंगल्यात. दोघींची लग्ने झाली, मुले झाली, मुले परदेशी गेली, यजमान गेले. दुपारचा चारचा चहा काही गेला नाही. एक दिवस हिच्याकडे, एक दिवस तिच्याकडे. मग आमचा रस्ता रुंद झाला. रुंदीकरणाचा नारळ फुटला तेव्हा पहिल्या रांगेत या दोघीच बसल्या होत्या, कारण पेढे मिळणार होते. दोन वर्षांपूर्वी रस्ता पुरा झाला, मधोमध दुभाजक आला, गाड्यांना वेग आला आणि काकूंचा चहा बंद पडला. आता चार वाजता काकू गॅलरीत येतात, पलीकडे मैत्रीण गच्चीत येते, दोघी एकमेकींना हात करतात आणि मग आत जाऊन फोनवर बोलतात. समोरासमोर राहून ट्रंक कॉल! रिक्षा करावी म्हटले तर रिक्षाला पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळून परत यावे लागते. आणि रिक्षावाल्याला "समोरच्या घरी सोड" म्हटले की तो आधी समोरच्या घराकडे बघतो, मग काकूंकडे बघतो आणि मीटर खाली न टाकताच निघून जातो.

"एकदा गेले होते हो मी," काकू मला म्हणाल्या. "दुभाजकापाशी अडकले. वीस मिनिटं उभी होते. एक मुलगा गाडी थांबवून म्हणाला, आजी, घरी कोणी सांभाळत नाही का?"

तो चौक काही अगदी ओसाड नाही बरे का. तिथे सिग्नल आहे आणि सिग्नलात चालणाऱ्यांसाठी एक हिरवा माणूसही आहे. तो आधी डौलात चालतो आणि शेवटी शेवटी पळायला लागतो. हा हिरवा माणूस तरुण आहे, त्याच्या हातात भाजीची पिशवी नाही, कडेवर मूल नाही आणि त्याला मोतीबिंदू नाही. तो बारा सेकंदांत रस्ता पार करतो. मी आणि भूगोलाचे सर, दोघांनी पहाटे पाचला, म्हणजे जिवाची खात्री असते अशा वेळी, फीत लावून रस्ता मोजला. अठरा मीटर. सिग्नलचा हिशेब करणारे लोक माणसाचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास, १.२ मीटर, धरतात. त्या वेगाने रस्त्याला पंधरा सेकंद लागतात. म्हणजे पुस्तकातला धडधाकट माणूससुद्धा बाराव्या सेकंदाला पलीकडच्या कडेपासून साडेतीन मीटर अलीकडे असतो, आणि त्याच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या मोटारसायकली तर सिग्नलच्याही दोन सेकंद आधी सुटतात.

"आता काकूंचा वेग काढायचा," सर म्हणाले.

आम्ही इमारतीच्या पॅसेजमध्ये खडूने दहा मीटरची रेघ मारली. काकू नवे पातळ नेसून आल्या. मुलीने मोबाईलवर घड्याळ लावले. काकू निघाल्या, मध्ये पहिल्या दारातल्या सुनेला "कुकर झाला का गं?" असे विचारण्यासाठी थांबल्या, तेव्हा ती फेरी बाद धरून दुसरी घेतली. सतरा सेकंद. सेकंदाला साधारण साठ सेंटिमीटर. सरांनी गणित केले: काकूंना रस्ता ओलांडायला तीस सेकंद हवेत. मिळतात बारा. बाराव्या सेकंदाला काकू सात मीटरवर असणार. दुभाजक नऊ मीटरवर. म्हणजे अडकायला तरी दुभाजक मिळावा, तर तोही नाही.

"नापास का मी?" काकूंनी विचारले.

"तुम्ही नाही, रस्ता," मुलगी म्हणाली.

त्या रात्री मी माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम अर्ज लिहिला. 'विषय' या ओळीवरच अर्धा तास गेला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथपर्यंत आलो आणि बत्तीस वर्षांची सगळी विद्या कामी आली. पदपथ कमीत कमी १.८ मीटर मोकळा असावा आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नसावी असे इंडियन रोड्स काँग्रेसने सांगून ठेवले आहे, ते घातले. (आमचा पदपथ काही ठिकाणी गुडघ्याएवढा उंच आहे आणि प्रत्येक बंगल्याच्या फाटकापाशी खाली उतरतो, पुन्हा चढतो. सरांनी त्याचा छेद काढला तो हुबेहूब सह्याद्रीच्या रांगांचा निघाला. त्यात दोन घाट आणि एक खिंडसुद्धा आहे. फिजिओबाईंनी पेशंट कुठे पडतात त्या जागांवर तांबडे ठिपके दिले.) सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी सांगितले की पदपथ वापरायला मिळणे हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, तेही घातले. आपला विश्वासू. सोबत: नकाशा एक, छेद एक.

तो घेऊन मी संबंधित कचेरीत गेलो. कोणती ते सांगत नाही, कारण ती कोणती हे शोधण्यातच आमचा सव्वा महिना गेला. पांढरे पट्टे एकाकडे, सिग्नल दुसऱ्याकडे, पदपथ तिसऱ्याकडे, पदपथावरचा विजेचा डबा चौथ्याकडे, त्याच्या शेजारचे झाड पाचव्याकडे, आणि झाडाखाली जो रसवंतीवाला बसतो तो, सगळ्यांच्या मते, दुसऱ्या कोणाकडे तरी. आवक बारनिशीतल्या गृहस्थांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, हे नमूद केले पाहिजे. कदाचित शुद्धलेखनामुळे असेल. मग चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "लिहिलंय छान. पण हे सुप्रीम कोर्टाचं झालं. आपल्या वॉर्डाचं काही आहे का?"

"साहेब आहेत का?"

"साइटवर गेलेत."

साहेब नेहमी साइटवर असत. आम्ही रोज साइटवर असायचो. तिथे मात्र ते कधी दिसले नाहीत.

चार खेपांनंतर एवढे कळले की कचेरीकडे त्या चौकातल्या गाड्यांचे आकडे आहेत, माणसांचे नाहीत. दुचाकी किती, चारचाकी किती, बस किती, सगळे तक्त्यात आहे. माणूस गाडीत बसला की तक्त्यात येतो, उतरला की गळतो. मुलगी म्हणाली, "मग आपण मोजू."

म्हणून एका मंगळवारी सकाळी साडेसहाला मी पाठकोरे कागद लावलेली पाटी घेऊन चौकात उभा राहिलो. ज्यांना आपल्या समाजाबद्दल काही जाणून घ्यायचे असेल, त्यांनी पाटी आणि पेन घेऊन नुसते चौकात उभे राहावे. पहिल्या पंधरा मिनिटांत तिघांनी मला मतदार यादीतली चूक दुरुस्त करायला सांगितले. एका बाईंनी तीन दिवस पाणी आले नसल्याचे खडसावून सांगितले आणि मी ते खरोखरच लिहून घेतले, कारण नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. जनगणनावाला समजून एका आजोबांनी घरातल्या सगळ्यांची वये सांगितली, सुनेचे सांगताना जरा विचार केला. रसवंतीवाल्याने मला फुकट रस पाजला. पुढे त्याने विचारले, "आम्हाला उठवणार का साहेब?" तेव्हा तो रस घशाखाली उतरेना. त्याला म्हटले, बाबा रे, तू आहेस म्हणून रात्री इथे उजेड असतो आणि बायका निर्धास्त जातात. तुला कशाला उठवू? तू फक्त ती टोपली दोन हात मागे घे. त्याने घेतली. आमच्या चळवळीचे ते पहिले यश, आणि त्याला आवक क्रमांक लागला नाही.

मोजण्यातही पेच असतात. गॅसचे सिलिंडर सायकलीला बांधून सायकल हाताने ढकलत नेणारा माणूस सायकलस्वारात धरायचा की पादचाऱ्यात? बापाच्या खांद्यावरचे पोर हा स्वतंत्र पादचारी की सामान? पण खरा धडा वेगळाच होता. आमचे सायकलपटू हेल्मेटवाल्यांसाठी एक रकाना आखून आले होते. त्या रकान्यात सकाळभर चार रेघा पडल्या. त्यातली एक आमची मुलगीच. बाकी सायकली मात्र चालल्याच होत्या: रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, पेपरची पोरे, पिशव्या टांगलेले दूधवाले, बांधकामावर निघालेले गवंडी, आणि पोळ्या करायला निघालेल्या बायका. पुण्यातली सायकल गेली गेली म्हणून आम्ही हळहळत होतो. ती गेली नव्हती. आपल्या घरातून गेली होती, एवढेच.

त्यांतल्या एक आमच्याच मजल्यावर पोळ्या करणाऱ्या मावशी निघाल्या. रोज पाच घरे, सगळा प्रवास सायकलवर. आमच्या सभेला त्यांना कधी कुणी बोलावले नव्हते, कारण सभा रविवारी सकाळी दहाला, आणि रविवारी सकाळी दहाला मावशी सभासदांच्याच घरी पोळ्या लाटत असतात. पुढची सभा आम्ही दुपारी अडीचला ठेवली. सायकलपटूंनी पडद्यावर चित्रे दाखवली. मावशींनी शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, "ते सगळं करा सावकाश. आधी त्या बँकेसमोरच्या गटारीच्या झाकणाचं बघा. त्याच्या फटी रस्त्याच्या अंगानं उभ्या आहेत. चाक बरोबर आत जातं. माझं गेलंय दोनदा. पावसात तर दिसतपण नाही."

"पण तिथे सायकलींसाठी वेगळी पट्टी केलेली आहे ना?"

"आहे की. तिथं एक टेम्पो असतो, एक कुंडी असते, आणि एक जोडपं रोज भांडायला येतं. त्यांच्या मधनं कसं जायचं?"

सगळे गप्प झाले. फिजिओबाईंनी नकाशावर आणखी एक तांबडा ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी गटाराच्या कामावर आलेल्या दोन माणसांना मुलीने ते झाकण दाखवले. त्यांनी पहारीने ते उचलले, चौथाई वळवले, परत बसवले. फटी आडव्या झाल्या. सगळे काम चहा धरून दहा मिनिटांत आटोपले. मी त्या झाकणावर तीन पानी अर्ज तयार करून खिशात ठेवला होता. तो अजून आहे. कोणाला लागल्यास द्यायला तयार आहे.

आमच्या मोजणीचे तक्ते कचेरीत पोचले आणि अखेरीस स्थळपाहणी ठरली. चौकातल्या हवालदारांनी आदल्या दिवशीच मला सावध केले होते. माणूस मोठा समजूतदार. दिवसभर धुरात उभे राहून त्यांचा आवाज बसलेला. "काका, खरं सांगू? मला स्वतःला पलीकडे चहाला जायचं असलं तर शिट्टी वाजवून जावं लागतं. युनिफॉर्म नसेल त्या दिवशी मीपण या बाजूचाच चहा पितो."

साहेब जीपमधून उतरले. तरुण होते, सभ्य होते, हातात फाईल. म्हणाले, "तुमची भावना समजते. पण तीस सेकंद दिले तर गाड्यांची रांग मागच्या चौकापर्यंत जाईल. लोक मलाच बोलणार."

"चालणारे पण लोकच आहेत ना सर?" मुलगी म्हणाली.

"ते बोलत नाहीत," साहेब म्हणाले. हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितले की मला त्यांचा राग येईना.

पलीकडचा पदपथ पाहायचा म्हणून आम्ही निघालो. साहेब, मुलगी, भूगोलाचे सर आणि मी. हिरवा माणूस चालू लागला. साहेब फाईल उघडून मला आराखडा समजावीत होते. समजावता समजावता हिरवा माणूस पळू लागला, विझला, आणि आम्ही चौघे दुभाजकावर. तो दुभाजक दीड फुटांचा. त्यावर पाऊल आडवे ठेवावे लागते. पुढून बस गेली, मागून टँकर गेला. साहेबांनी फाईल छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा, मी सरांचा, सरांनी मुलीच्या सायकलीचे हँडल. काला फोडायला थर लावावा तसे आम्ही उभे. सिग्नल फिरून येईपर्यंत जवळजवळ दोन मिनिटे लागतात, हे मी अर्जात लिहिलेच होते. पण वाचणे वेगळे. इतक्यात पलीकडून एक जीप कर्कश हॉर्न वाजवत आमच्या पायांना चाटून वळली. साहेब संतापाने ओरडले, "नंबर घ्या त्याचा!"

नंबर घ्यायची गरज नव्हती. ती साहेबांचीच जीप होती. ड्रायव्हर त्यांना न्यायला पलीकडे येत होता.

उरलेला रस्ता साहेब एकही शब्द बोलले नाहीत. पलीकडे पोचल्यावर त्यांनी घाम पुसला, फाईल गुडघ्यावर ठेवली आणि काहीतरी खरडले.

काम पुरे व्हायला त्यानंतरही पाच महिने लागले. मध्ये गणपती आले, पाऊस लांबला, रंग संपला. पहिल्यांदा पट्टे मारले ते पलीकडे थेट विजेच्या डब्यावर जाऊन आदळत होते. म्हणजे नियमाने ओलांडणारा माणूस नियमाने शॉक घेणार. ते खोडून चार फूट सरकवून पुन्हा मारले. तीस सेकंद मिळाले नाहीत; चोवीस मिळाले. पण साहेबांनी दुभाजक मधोमध कापून दोन मीटर लांबरुंद, जमिनीला सपाट अशी उभे राहायची जागा करून दिली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दणकट खांब पुरले. ही मागणी आमच्या अर्जात नव्हती. ती त्यांना दुभाजकावर सुचली असावी. सरांनी लगेच गणित केले: नऊ मीटरला काकूंना पंधरा सेकंद. मग विसावा. मग पुढचे नऊ. पालखीसारखे दोन टप्प्यांत.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. काकू पावणेचारलाच चपला घालून दारात उभ्या. हातात डबा. मावशींनी त्या दिवशी शेवटच्या घरच्या पोळ्या लवकर उरकल्या होत्या. हवालदारांनी काकूंना पाहून शिट्टी तोंडात धरली, पण काकूंनी त्यांना हातानेच थांबवले. "तू नको वाजवू रे. माझी मी जाते." त्या निघाल्या. तेराव्या सेकंदाला मधल्या जागेत पोचल्या. (नवीन पातळ नव्हते, म्हणून दोन सेकंद वाचले, असे सौ.चे मत.) तिथे उभ्या राहून त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, पदर सारखा केला. दुसऱ्या हिरव्याला पलीकडे. मैत्रीण फाटकात होती. दोघींनी मिठ्याबिठ्या काही मारल्या नाहीत. मैत्रीण म्हणाली, "डब्यात काय आहे?"

साडेसहाला काकूंना परत आणायला जायचे म्हणून मी चपला घालतो आहे, तोच फोन आला.

"मी आज इथेच राहते हो. संध्याकाळी फार गर्दी असते. आणि हे बघा, हिच्याशी जरा बोला तुम्ही. तुम्हाला हिशेब कळतो. शेवटचा चहा माझ्याकडे झाला होता, म्हणजे आता दोन दिवस लागोपाठ मी इथे यायचं की नाही? ही म्हणते, आजचा धरून पुढची पाळी तुझी. दोन वर्षं मध्ये गेली ती कुठे धरायची?"

मी पाटी आणि पेन घेऊन बसलो. अजून हिशेब लागलेला नाही.